एएन-१२ आणि वजनाचा हिशेब

पुस्तकात लिहिलं होतं की एएन-१२ वीस टन माल उचलतं. वीस टन घेऊन लेहला गेलेलं एएन-१२ मी तरी कधी पाहिलं नाही. पुस्तकातला आकडा आणि प्रत्यक्षात चढणारा माल यांच्यातली तफावत सांभाळण्यातच माझी हवाई दलातली बरीचशी नोकरी गेली. आधी एअरफ्रेम फिटर म्हणून, नंतर लोडमास्टर म्हणून. गावाकडं, साताऱ्यात, कुणी विचारलं की ‘तुम्ही विमान चालवायचात का?’ तर मी सांगायचो, ‘नाही, भरायचो.’ लोक हसायचे. पण विमान भरणं हे चालवण्याइतकंच जोखमीचं काम आहे, हे मला नोकरीची पहिली काही वर्षं झाल्यावरच नीट उमगलं.

मी चंदीगडला रुजू झालो तेव्हा एकाहत्तरचं युद्ध नुकतंच संपलं होतं आणि एएन-१२ येऊन दहा वर्षं उलटली होती. कीव्हच्या अंतोनोव्ह ब्युरोनं आखलेलं हे विमान १६ डिसेंबर १९५७ रोजी पहिल्यांदा उडालं. इर्कुत्स्क, व्होरोनेझ आणि ताश्कंद इथल्या कारखान्यांतून १९७३ पर्यंत बाराशेहून जास्त विमानं बाहेर पडली. आपल्याकडं पहिली विमानं १९६१ साली आली आणि त्यांच्यासाठी चंदीगडला ४४ स्क्वाड्रन उभी राहिली. लांबी तेहतीस मीटर, पंखांचा पसारा अडतीस मीटर, प्रत्येक पंखावर दोन अशी चार टर्बोप्रॉप इंजिनं. नाकाशी काचेचा पिंजरा, त्यात नॅव्हिगेटर बसायचा. अगदी शेवटी, शेपटाखाली, गनरची केबिन. उंची मीटरमध्ये, वेग ताशी किलोमीटरमध्ये, आणि पाट्या सगळ्या रशियन लिपीत. पहिल्या हिवाळ्यात आम्ही इंजिनाच्या जोडीनं ती लिपीही शिकलो, कारण चुकीचं बटण दाबून चालणार नव्हतं.

या विमानाची मागची दारं मला अजून डोळे मिटून उघडता येतील. आजच्या मालवाहू विमानांत मागचं दार खाली टेकतं आणि त्यावरूनच गाडी आत चढते. एएन-१२ मध्ये तसं नव्हतं. दोन लांब झडपा आतल्या बाजूला वर उचलल्या जायच्या आणि मागं नुसतं भगदाड राहायचं. गाडी चढवायची तर वेगळे रॅम्प आणून, माणसांनी उचलून, कडेला अडकवायचे. पहाटे चारच्या थंडीत, लोखंडाला हात चिकटत असताना, ते दोन रॅम्प एका रेषेत आणि गाडीच्या चाकांइतक्याच अंतरावर बसवणं हे पहिलं काम. आत छताला सरकती क्रेन होती, पण जवळजवळ सगळा माल माणसाच्या खांद्यावरूनच चढायचा. आटा, डाळ, साखर, रॉकेलचे जेरीकॅन, तंबू, जनरेटर, तारांची भेंडोळी, पत्रांच्या थैल्या. झोजीला बर्फानं बंद झाला की लडाखला जे काही जायचं ते आकाशातून.

आता वजनाचं गणित. लेहचा विमानतळ साडेदहा हजार फुटांहून जास्त उंचीवर आहे. तिथं हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम सत्तर टक्के. हवा विरळ, म्हणजे पंखाला उचल कमी, पात्याला पकड कमी, इंजिनाला दम कमी. ऊन चढलं की हवा आणखी पातळ होते. त्यात लेहची धावपट्टी अशी की उतरायचं एका दिशेनं आणि उडायचं उलट्या दिशेनं, कारण एका टोकाला डोंगर उभा आहे. दुपारी वारा सुटला की काम बंद. त्यामुळं सगळी धावपळ पहाटेपासून सकाळ उलटेपर्यंतची. लेहला शक्यतो इंजिन बंद करायचं नाही, इंजिनं चालू असतानाच माल उतरवायचा आणि निघायचं. परतीचं इंधनही चंदीगडहूनच पोटात घेऊन जायचं. त्या इंधनाचंही वजन असतं, आणि तेवढा माल खाली राहतो.

एकूण वजन बसलं तरी काम संपत नाही. ते वजन विमानात कुठं ठेवलंय याला तितकंच महत्त्व. भार ठरलेल्या हद्दीच्या मागं गेला तर उड्डाणाच्या वेळी नाक वर उचललं जातं आणि पायलटनं कितीही दाबलं तरी खाली येत नाही. म्हणून मालाचा प्रत्येक नग कुठल्या खुणेवर ठेवायचा, किती साखळ्यांनी जखडायचा, हे आधी कागदावर ठरायचं. त्या कागदाला आम्ही लोडशीट म्हणायचो. खाली लोडमास्टरची सही, मग कॅप्टनची.

माझे पहिले वरिष्ठ एक वयस्कर वॉरंट ऑफिसर होते. शिकवणं म्हणून त्यांनी मला कधी काही शिकवलं नाही. माल बांधून झाला की ते शेवटून पुढपर्यंत चालत यायचे आणि प्रत्येक साखळीवर एक पाय ठेवून सगळं अंग तिच्यावर टाकायचे. साखळी एखाद्या बोटानं जरी खाली गेली तरी काही न बोलता ती मोकळी करायचे आणि पुढं जायचे. मोकळी साखळी जमिनीवर पडल्याचा आवाज ऐकला की आम्हाला कळायचं, ही पुन्हा बांधायची. त्यांना कधी कुणावर ओरडावं लागलं नाही.

हिवाळ्यात ते आणखी एक गोष्ट करायचे, तिचा सगळ्यांना कंटाळा यायचा. नियमानं एका जवानाचं सामानासह ठरावीक वजन धरायचं आणि माणसं मोजून गुणाकार करायचा. हे गृहस्थ प्लॅटफॉर्म काटा आणवायचे आणि जवानांना अंगावरच्या पार्का कोटासह, स्नो बूटांसह, किटबॅगेसह त्यावर उभं करायचे. नियमातला आकडा आणि काट्यावरचा आकडा यांत फरक पडायचाच. भर थंडीत सुट्टीहून परतणारा जवान घरून काय काय घेऊन येतो! तूप, गूळ, लाडवांचा डबा, ट्रान्झिस्टर. एकेकाचे दहा-बारा किलो जादा धरले तरी विमानभर माणसांत ते सहज एक टनाच्या घरात जातं. कागदावर न दिसणारं एक टन. पुढं हा काटा मीही चालू ठेवला, आणि माझ्यावरही लोक वैतागले.

बकऱ्यांचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पुढच्या चौक्यांना ताजं मांस मिळावं म्हणून जिवंत बकऱ्या, मेंढ्या विमानानं जायच्या. पोत्याचं वजन जागचं हलत नाही. बकरी हलते. विमान वळलं की सगळा कळप एका अंगाला, खळगा लागला की सगळा कळप मागं. शेवटी आम्ही जाळ्या लावून लहान लहान खण पाडले, एका खणात मोजक्याच बकऱ्या. वास मात्र पुढच्या दोन-तीन फेऱ्यांपर्यंत राहायचा. त्याच विमानात नंतर एखादे वरिष्ठ अधिकारी बसले तर नाकाला रुमाल लावून बसायचे आणि आम्ही खिडकीतून बाहेर बघायचो.

माल ठेवायच्या भागात हवेचा दाब राखायची सोय नव्हती. तशी सोय फक्त पुढच्या केबिनमध्ये, मूठभर माणसांपुरती. बाकीचे जवान मागं, प्राणवायूचा मास्क नाकावर धरून, थंडीत एकमेकांना चिकटून बसायचे. कुल्लू-मनालीवरून रोहतांग, पुढं बारालाचा, मग लडाख. तास-सव्वा तासाचा प्रवास. पहिल्यांदाच विमानात बसलेला वीस-एकवीस वर्षांचा पोरगा त्या अंधाऱ्या पोटात इंजिनांचा एकसुरी आवाज ऐकत बसलेला असे. हा सूर या इंजिनाची खासियत होती. एआय-२० इंजिन ठरलेल्या फेऱ्यांनीच फिरतं. पायलटनं थ्रॉटल पुढं केला तरी सूर फारसा चढत नाही, पात्यांचा कोन बदलतो आणि ओढ वाढते. नव्या माणसाला वाटायचं, आवाज वाढतच नाही, हे उडणार कसं?

स्क्वाड्रनमध्ये जुन्या गोष्टी सांगणारे पुष्कळ होते. सर्वांत जास्त वेळा सांगितली जायची ती चुशूलची. १९६२ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस, विमानं येऊन दीड-दोन वर्षंच झालेली असताना, ४४ स्क्वाड्रननं २० लान्सर्सचे सहा एएमएक्स-१३ रणगाडे चुशूलला नेले. चुशूल चौदा हजार फुटांच्या वर आहे. रणगाडा पंधरा टनांच्या आसपासचा. त्या उंचीवरच्या अरुंद हद्दीत तो बसवायचा तर त्याच्या अंगावरचं जे जे काढता येईल ते काढून ठेवावं लागलं. एका विमानात एकच रणगाडा. फळ्या टाकून विमानाची जमीन सांभाळायची, रणगाडा इंच-इंच आत घ्यायचा, आणि मग तो नेमक्या खुणेवर जखडायचा. ही गोष्ट सांगताना जुने लोक पायलटांचं कौतुक भरभरून करायचे, पण बोलता बोलता त्यांची गाडी नेहमी एकाच ठिकाणी येऊन थांबायची: काय काढलं, कुठं ठेवलं, आणि ते मागाहून कुठल्या फेरीनं गेलं. मला त्यांच्या बोलण्यातला हाच भाग आवडायचा.

एएन-१२ च्या आधी, आणि नंतर त्याच्या जोडीनंही, हे काम डाकोटा आणि पॅकेट विमानांनी केलं होतं. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा लेहला उतरवलं, तेव्हा तिथं धड धावपट्टीही नव्हती. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट दौलत बेग ओल्डीला उतरवलं, सोळा हजार फुटांहून उंच. पॅकेटची पिस्टन इंजिनं त्या हवेत पुरी पडेनात म्हणून त्याच्या पाठीवर ऑर्फिअस जेट इंजिन बसवलं होतं. पॅकेटवर काम केलेले फिटर एएन-१२ ला ‘सुखवस्तू विमान’ म्हणायचे. चार इंजिनांपैकी एक बंद पडलं तरी तीन असतात, ही त्यांना चैन वाटायची.

एकाहत्तरच्या युद्धाची गोष्ट ताजी होती. ३ डिसेंबरला युद्ध भडकलं आणि त्याच रात्री ४४ स्क्वाड्रनच्या एएन-१२ नी लाहोरजवळच्या चांगा मांगा जंगलातल्या दारूगोळ्याच्या साठ्यावर बॉम्बहल्ला केला. हे विमान बॉम्बर नव्हतंच. बॉम्ब मालासारखे आत रचले आणि मागच्या त्याच भगदाडातून बाहेर ढकलले. सगळी विमानं सुखरूप परतली. नेतृत्व करणारे विंग कमांडर विद्याभूषण वसिष्ठ यांना महावीरचक्र मिळालं. पूर्वेकडं ११ डिसेंबरला टांगाइलला छत्रीधारी सैनिक उतरवले, त्यातही ही विमानं होती. आम्हा नव्या पोरांना बॉम्बची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची असायची. जुन्यांपैकी एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, बॉम्ब पडायला लागले की विमान दर क्षणी हलकं होतं आणि भाराचा मध्यही हलतो. आधी कुठला ढकलायचा, नंतर कुठला, याचा क्रम चुकला असता तर शत्रूची गरजच पडली नसती. तेव्हापासून ती गोष्ट ऐकताना मला आधी तो क्रमच आठवायचा.

आणि १९६८ ची एक गोष्ट होती, जी कुणी आपणहून सांगत नसे. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं एएन-१२, क्रमांक बीएल-५३४, १०२ माणसांसह रोहतांगच्या परिसरात बेपत्ता झालं. पुढं हवा बिघडलेली पाहून कॅप्टननं परत फिरायचा निर्णय घेतला होता. त्यानंतर संपर्क तुटला. मी रुजू झालो तेव्हा त्या गोष्टीला थोडीच वर्षं झाली होती आणि त्या विमानातल्या कुणाचा ना कुणाचा ओळखीचा माणूस आमच्यात होता. अवशेष सापडले २००३ साली, लाहौल-स्पितीच्या हिमनदीत, गिर्यारोहकांना. त्यानंतरही मोहिमा जात राहिल्या. २०२४ साली, छप्पन्न वर्षांनी, आणखी चार देह बाहेर आले.

परत फिरणं म्हणजे कमीपणा नव्हे, असं आम्हाला शिकवलं जायचं आणि ते खरंच होतं. पण बीएल-५३४ परतच फिरलं होतं. बरोबर निर्णय घेऊनही माणसं वाचतीलच असं नाही, हे त्या विमानानं आम्हाला शिकवलं. म्हणून आमच्याकडं ‘आपण योग्य तेच केलं, आता काही होणार नाही’ असं कुणी म्हणत नसे. योग्य ते करायचं आणि तरीही घाबरून राहायचं, अशी आमची रीत होती.

माझ्यासाठी वळणाची गोष्ट घडली ती लेहलाच, कुठल्याही युद्धाविना. उशीर झाला होता, ऊन चढत होतं. उड्डाणाच्या आधी तापमान पुन्हा घेतलं आणि कॅप्टननं सांगितलं, पाच माणसांइतकं वजन उतरव. आत सुट्टीवर निघालेले जवान बसलेले होते. कित्येक दिवस हवा उघडायची वाट बघत थांबलेले. मी मागं गेलो आणि सांगितलं. एकानं सांगितलं घरी लग्न आहे, एकानं सांगितलं बाप आजारी आहे, एक सुभेदार चढ्या आवाजात बोलू लागले. एका कोपऱ्यात एक पोरगा उठून आपली किटबॅग खांद्याला लावून निमूट दाराकडं निघाला. त्याला कुणी उतर म्हटलं नव्हतं.

त्याच्याकडं बघून मला एक गोष्ट लख्ख दिसली. वजन कमी करायची वेळ आली की जो गप्प बसतो तोच आधी उतरतो. आणि हे न्यायाचं नाही. मी त्या पोराला परत बसवलं, यादी काढली, आणि यादीत सर्वांत शेवटी नाव लागलेले पाच जण उतरवले. त्यात ते सुभेदार होते. ते माझ्यावर तक्रार करणार म्हणाले, आणि त्यांनी ती केलीही. त्यानंतर मी नेहमी उलट्या क्रमाची यादी आधीच करून ठेवायचो: काही उतरवावं लागलं तर कोण, कशानंतर काय. ऐन वेळी ठरवायला गेलं की मोठा आवाज जिंकतो. आधी ठरवलेलं असलं की त्या आवाजाला जागा राहत नाही.

चौऱ्याऐंशी सालात दिवस बदलू लागले. त्या वर्षी एप्रिलमध्ये सियाचीनची मोहीम सुरू झाली आणि थॉइस, लेहच्या फेऱ्या वाढल्या. त्याच सुमारास एएन-३२ आलं, आणि पंच्याऐंशीत आयएल-७६, ज्याला गजराज म्हणतात. गजराज एका खेपेत चाळीस टनांहून जास्त माल घेतं. आमच्या एएन-१२ च्या दुप्पट. त्याचं मागचं दार नीट खाली टेकतं, गाडी सरळ आत जाते. पहिल्यांदा ते दार खाली येताना पाहिलं तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, ‘झालं, रॅम्प उचलणाऱ्यांची पेन्शनची वेळ आली.’ एएन-१२ चे सुटे भाग मिळणं अवघड होत गेलं. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, असं चालू झालं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती विमानं सेवेतून गेली. इंजिनवाल्यांचं मात्र तितकं वाईट झालं नाही, कारण एएन-३२ चं इंजिन एआय-२० च्याच घराण्यातलं. चीननं एएन-१२ वरून वाय-८ हे विमान बनवलं आणि ते पुढं कितीतरी वर्षं बनवत राहिला. ज्या सीमेवर आम्ही माल टाकायचो तिच्या पलीकडंही आमच्याच विमानाचा भाऊ उडत होता, हे तेव्हा आम्हाला गमतीचं वाटायचं.

निवृत्तीनंतर मी पुण्याजवळ एका माल वाहतूक कंपनीत लागलो. ट्रकमध्ये माल भरून घेणं, कागद करणं. माझ्या हिशेबानं सोपं काम. तिथं कळलं की लोडशीटवरची सही ही फक्त एक सही असू शकते. नऊ टनांच्या गाडीत तेरा टन भरलेले आणि कागदावर नऊ. खंबाटकी घाटात ब्रेक तापले तर ते ड्रायव्हरच्या नशिबात, असा सगळ्यांचा हिशेब. मी दोन-तीनदा सांगितलं, मग गाड्या काट्यावर चढवायला सुरुवात केली. मालकानं मला समजावलं, ‘साहेब, हे काही विमान नाही.’ मी म्हटलं, ‘ब्रेकला ते माहीत नाही.’ ती नोकरी लवकरच सुटली. तिचं दुःख झालं नाही, पैशाची ओढाताण मात्र झाली. नाही म्हणण्याची किंमत लेहला कॅप्टन, लोडमास्टर आणि उतरलेले पाच जण वाटून घ्यायचे. इथं ती एकट्याला भरावी लागली, एवढाच फरक.

हवाई दलाच्या इतिहासाची पुस्तकं मी मिळतील तशी वाचतो. त्यांत मालवाहू विमानांना थोडी जागा मिळते आणि जी मिळते तिच्यात पोहोचवलेल्या गोष्टींचे आकडे असतात: इतके टन, इतके सैनिक, सहा रणगाडे. ते खरे आहेत आणि अभिमानाचेही आहेत. पण ते रणगाडे पोहोचावेत म्हणून काय उतरवून ठेवलं, कुणाची सुट्टी एका आठवड्यानं पुढं गेली, कुठल्या चौकीवर रॉकेल गेलं म्हणून पत्रं राहिली, हे त्यांत सापडत नाही. एका जड विमानाचा निम्मा इतिहास खाली राहिलेल्या मालाचा असतो. तो ठाऊक असलेली माणसं आता सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढं आहेत. साताऱ्या-कोल्हापूरकडं अशी कितीतरी घरं आहेत. तुमच्या घरी किंवा शेजारी असे कुणी आजोबा असतील, तर त्यांना पराक्रम विचारू नका, ते लाजतील आणि विषय बदलतील. त्या दिवशी किती वजन होतं आणि काय काढलं, एवढंच विचारा. चहा दोनदा करावा लागेल.